बाबांचा हेडफोन आणि सुनीतावहिनी

आधीच सांगून टाकते, अशा सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चुका शोधायलाच वाचत आले. अमुक खोलीत थंड वाटलं म्हणे – अहो, खिडकी उघडी असेल! मी अकोल्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आमचं घर बौद्ध. नवस, अंगारे, अंगात येणं हे आमच्याकडे कधी चाललं नाही. माझे वडील तर कोणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की म्हणायचे, "दाखव ना मले. दाखवलं की मानतो." मीही त्यातलीच.

आणि आता मीच लिहायला बसले आहे... असो. जे झालं ते जसंच्या तसं सांगते. त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, तीही सांगते.

बाबा जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या आवाजात त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली आणि कान तिथेच गेले. मग बोंडअळीची वर्षं आली. कापूस येईना, आला तर त्यात दम नाही, आणि एका हंगामात फॅक्टरीचं फाटक उघडलंच नाही. बाबा घरी बसले. घर म्हणजे चांदूर बाजारला, माझ्या मोठ्या भावाकडे. दादा तिथल्या बाजारात एका कृषी केंद्रात कामाला. वहिनी, सुनीता तिचं नाव, घरीच शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवते. वयानं माझ्याहून चार वर्षं लहान, पण नात्यानं मोठी, म्हणून मी तिला अहोजाहो करते.

मी लग्न केलं नाही. अकोल्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. माझं माणूस म्हणजे बाबा, एवढंच. दर दुसऱ्या शनिवारी चांदूर बाजारला जायचं – अकोल्याहून अमरावती, तिथून पुढे एसटी – हा माझा नेम होता.

अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी बाबांना श्रवणयंत्र दिलं होतं. ते शिट्टी मारायचं. बाबांनी आठ दिवसांत काढून ठेवलं. मग मी एक चांगला वायरलेस हेडफोन घेतला, कान पूर्ण झाकणारा, मोठ्या आवाजाचा, आणि सोबत एक टॅब्लेट. कानाला लावून पहिलं गाणं सुरू केलं तेव्हा बाबा एकदम ओरडले, "आबे! तबला ऐकू येऊन राहिला!" शेजारची माणसं बाहेर आली. मला वाटलं, झालं... आयुष्यात हे एक काम आपण बरोबर केलं.

तो हेडफोन मी टॅब्लेटला जोडला, वहिनीच्या मोबाइललाही जोडला, म्हणजे कोणाचा फोन आला तर बाबांना नीट बोलता येईल. दोन्हीकडे कंपनीचं नाव काढून "बाबा" असं नाव टाकलं. पेअरिंग म्हणजे काय ते बाबांना कागदावर काढून समजावलं. बटण दाबून धरायचं, लाल-निळा दिवा उघडझाप करतो, मग निळा स्थिर झाला की जोडलं गेलं. बाबांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी सगळं विसरले.

आणि मी अकोल्याला परत गेले.

पंधरा दिवसांनी आले तर बाबा पारावरच्या दोस्तांना सांगत होते, "सूनबाई लावून देते मशीन. एका मिंटात जोडी लावते." जोडी लावते! पेअरिंगला त्यांनी शब्दसुद्धा केला होता, आणि तो वहिनीसोबत केला होता. माझं नाव कुठेच नाही. मी हसले, पण आतून काहीतरी टोचलं.

आमच्याकडे सासऱ्याला सुना मामाजी म्हणतात. वहिनीही आधी मामाजीच म्हणायची. कधीतरी ते "बाबा" झालं. आणि बाबा मला लहानपणापासून "माय" म्हणायचे – "ये माय", "जेवली काय माय". एका शनिवारी मी दारात चपला काढत होते, आतून बाबांचा मोठा आवाज आला, "माय, जोडी लागली काय पाय वं!" मी म्हटलं, "आले बाबा!" आत गेले तर वहिनी त्यांच्यासमोर बसून बटण दाबत होती. जोडी लागली का पाहा, असं ते तिला म्हणत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू कवा आली?"

एवढीशी गोष्ट. पण मी ती महिनोन्‌महिने उगाळली. बसमध्ये उगाळली, पेपर तपासताना उगाळली. पैसे मी घातले, दुकानं मी पालथी घातली, आणि माय ती!

थंडीच्या सुरुवातीला बाबा गेले. दुपारी खाटेवर बसल्या बसल्या. कानाला हेडफोन होता, निळा दिवा सुरू होता. वहिनी चहा घेऊन आली, खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं. मी त्या वेळी मुलांची प्रॅक्टिकल घेत होते. पोचले तेव्हा दिवस मावळला होता. आलेल्या बाया वहिनीला जवळ घेऊन रडत होत्या, "पोरीवानी केलं वं तू त्याचं." मी तिथेच उभी होते. पोरगी!

तेरा-चौदा दिवसांनी निघताना मी म्हटलं, "हेडफोन मी नेते. मीच घेऊन दिला होता."

वहिनी उठली. आतून घेऊन आली. कानाच्या गाद्या पुसलेल्या, चार्जरची वायर नीट गुंडाळून रबर लावलेली. "न्या ना ताई. तुमचाच हाय." टॅब्लेट मी तिथेच ठेवला. मला तो नको होता. मला बाबांच्या कानाला लागलेली वस्तू हवी होती, आणि तिच्याकडे ती नको होती. हे आज लिहिताना लाज वाटते.

पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. दादाच्या मोबाइलवरून.

"ताई, माह्या मोबाइलातून आवाजच येऊन नाही राहिला. समोरचा बोलते ते ऐकूच येत नाही. वर निळी खूण येते अन् 'बाबा' लिहून येते."

"काय लिहून येतं?"

"बाबा. कनेक्टेड."

मी म्हटलं, वहिनी, ते जुनं नाव साठवलेलं असतं, कनेक्टेड नसेल. ब्लूटूथ दहा मीटरच्या पलीकडे जात नाही. हेडफोन माझ्या कपाटात अकोल्याला आहे, शंभरावर किलोमीटर. ब्लूटूथ बंद करा.

तिनं बंद केलं. दुसऱ्या दुपारी आपोआप सुरू झालं, पुन्हा तेच. मी तिला ते नाव यादीतून काढून टाकायला शिकवलं. हे जरा नीट समजून घ्या. नाव काढून टाकलं की मोबाइल सगळं विसरतो. मग मधेच जोडलं गेलंच तरी कंपनीचं मूळ नाव दिसायला हवं. "बाबा" हे नाव मी हातानं टाकलेलं होतं. पण दुसऱ्या दिवशी परत "बाबा"च आलं. दादा मोबाइल दुकानात घेऊन गेला. त्यांनी सगळं पुसून नव्यानं सुरू करून दिला. दोन दिवस ठीक. तिसऱ्या दुपारी – बाबा, कनेक्टेड.

खरं सांगू? मला वाटलं वहिनी खोटं बोलते आहे. हेडफोन परत हवा आहे, पण सरळ मागवत नाही, म्हणून हे सगळं. मी तुटक बोलायला लागले.

मग एकदा ती म्हणाली, "ताई, रागावू नका. बाबा बोल्ले."

"कोण?"

"बाबा. मोबाइल कानाले लावला होता, कोणाचा फोन आहे म्हणून. तर बाबाइचा आवाज. 'माय, जोडी लागली काय पाय वं.' मी मोबाइल फेकून देल्ला."

मला भीती वाटायला हवी होती, नाही का? सूनबाईला मेलेल्या सासऱ्याचा आवाज येतो म्हणते. पण मला पहिली गोष्ट काय वाटली सांगते... तिलाच काहून? एवढंच वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते रागानं. आणि मी म्हणाले, "तुम्हाला भास झाला," आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून मी हेडफोन कपाटातून काढला. चार्ज केला. कॉलेजमधून आले की कानाला लावून बसायचे. माझ्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद ठेवून. लाल-निळा दिवा उघडझाप करत राहायचा, जोडायला कोणी शोधत असल्यासारखा. कानात काहीच नाही. गाद्यांना त्यांच्या खोबरेल तेलाचा वास होता, तो येत राहायचा. मी म्हणायचे, "बाबा, मी आहे ना. मी आहे इथे." कॉम्प्युटरची मास्तरीण! कोणी पाहिलं असतं तर...

असे आठ-नऊ दिवस गेले. मग एक दिवस दुपारी चार-सव्वाचारला दिवा थांबला. निळा, स्थिर. कानात ती इंग्रजी बाई म्हणाली, "कनेक्टेड." मी मोबाइल पाहिला, ब्लूटूथ बंद. लॅपटॉप बॅगेत, बंद. आणि कानात शिलाई मशीनचा आवाज आला.

तो आवाज मी ओळखते. दादाच्या घरातलं ते मशीन मधे मधे अडखळतं. मशीन थांबलं. मग वहिनीचा आवाज, अगदी जवळून –

"हो बाबा."

थोडा वेळ काही नाही.

"नाई, अजून नाई आले ते. दुकानातच हायेत." पुन्हा शांतता. "घेतली मी गोळी, कायजी नका करू." मग ती थोडी हसली.

मला बाबांचा एक शब्द ऐकू येत नव्हता. फक्त तिची उत्तरं. आणि मग माझ्या डोक्यात लखकन आलं. हेडफोनलाच माइक असतो. वहिनीच्या मोबाइलमध्ये जो आवाज जातो तो या माइकमधून, म्हणजे जिथे हेडफोन आहे तिथून. म्हणजे बाबा बोलत असतील तर माझ्या खोलीतून बोलत होते. माझ्या शेजारी बसून. आणि बोलत होते तिच्याशी.

मी ओरडले, "बाबा! बाबा, मी माय!" खोलीत कोणी नव्हतं. तिकडे शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी मी वहिनीला फोन केला आणि मुद्दाम साधंच विचारलं, दुपारी चारच्या सुमारास काय करत होता? ती म्हणाली, "ब्लाऊज शिवत होती. कावून?" मग जरा घुटमळून, "आजही बोल्ले ताई. हे घरी आले काय, इचारत होते. अन् माह्या बीपीची गोळी घेतली काय म्हणत होते." मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. माझा आवाज ऐकू आला का, विचारलं. "तुमचा? नाई बा."

रविवारी मी चांदूर बाजारला गेले. हेडफोन बंद करून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये. दादा दुकानात होता. घरी आम्ही दोघीच. मी वहिनीसमोर बसून राहिले, तिचा मोबाइल मधे ठेवून. चारच्या आसपास स्क्रीनवर निळी खूण आली. बाबा. कनेक्टेड. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

वहिनीनं मोबाइल कानाला लावला. तिचा चेहरा बदलला. मी तो तिच्या हातातून ओढलाच, कानाला लावला. काही नाही. स्क्रीन पाहिली, खूण गेलेली. तिच्या हातात दिला, मिनिटभरात परत आली. पुन्हा घेतला, पुन्हा गेली. तीनदा केलं. तिसऱ्यांदा मी बोलून गेले –

"तुम्हीच काहीतरी करता. जिवंत होते तेव्हाही तुम्हीच घेतलं त्यांना माझ्याकडून. आता मेल्यावरही!"

वहिनी साधी आहे, मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"मी घेतलं? ताई, आठ वर्ष त्याइचं खाणं-पिणं, दवापाणी मी केलं. त्याइले ऐकू नाई येत म्हणून दिवसभर ओरडून ओरडून माहा घसा बसे. तुमी पंधरा दिवसांनं येत, पेढे आणत, दोन घंटे बसत. अन् आता ते गेले तरी हाक मलेच मारतात. तुमाले वाटते हे सुख हाय? मले कोणी इचारलं काय, तुले पायजे काय म्हणून?"

ती रडत नव्हती, हे जास्त लागलं. मी म्हणाले, "त्यांना विचाराल का... माझ्याबद्दल?"

तिनं पाहिलं माझ्याकडे. मोबाइल कानाला लावला. "बाबा, ताई आल्या हायेत. बसल्या हायेत इथंच." ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते म्हणतात, 'तिले कायले बोलावलं? पोराइचे पेपर असतीन तिच्या मागं. जाऊ दे तिले.'"

बाबा अगदी असंच बोलायचे. दर खेपेला, मी निघताना, अगदी हेच. पण आठ वर्षं वहिनीनंही ते ऐकलेलं होतं. माझं मन राखायला तिनं स्वतःहून म्हटलं असेल, की खरंच त्यांनी म्हटलं? मी तिला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आजही नाही.

पुढच्या शनिवारी मी हेडफोन नेऊन वहिनीला दिला. दादा म्हणाला, "बरं केलं, तिलेच सवय होती त्याची." सगळ्यांना वाटलं मी मोठं मन केलं. तसं नव्हतं. मला ते सहन होत नव्हतं – माझ्या खोलीत बसून त्यांनी तिच्याशी बोलणं. बोलायचं तर तिच्या घरून बोला, माझ्या छातीवर बसून नको. एवढाच विचार होता.

आणि तो हेडफोन तिच्या घरी पोचल्या दिवसापासून सगळं बंद झालं. मोबाइल नीट चालायला लागला. "बाबा" हे नाव पुन्हा आलं नाही. दादाला हायसं वाटलं. मला वाटलं वहिनी पण सुटली.

दहा-बारा दिवसांनी तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाली, "ताई, एक सांगू? तुमी तो हेडफोन परत घेऊन जाता काय?"

"का? आवाज येतो?"

"नाई ना. येतच नाई." आणि ती रडायला लागली. आमच्या बाबांच्या मयतीत ती इतकी रडली नव्हती. "मी तुमाले त्या दिवशी लय बोल्ली. पण चार वाजले की मी मोबाइल घेऊन बसतो. घर खायले येते ताई. तुमच्याइथं होता तवा बोलत होते ते. तुमी घेऊन जा, पुन्हा बोलतीन."

मी म्हटलं, "येते. या शनिवारी जमणार नाही, परीक्षा आहेत. पुढच्या येते."

पुढच्या शनिवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कधी मीटिंग सांगितली, कधी ताप सांगितला. एकदा तर अमरावतीपर्यंत गेले, डेपोत चहा प्यायले, आणि चांदूर बाजारची गाडी लागलेली असताना परत अकोल्याच्या गाडीत बसले. वहिनी दर आठवड्याला फोन करायची. हळूहळू तिनं विचारणं सोडलं.

शेवटी गेले तेव्हा उन्हाळा लागला होता. वहिनीनं हेडफोन काढून हातात दिला. अकोल्याला आणून चार्ज केला, टेबलावर ठेवला, चार वाजायची वाट पाहिली. दिवा लाल-निळा उघडझाप करत राहिला आणि थोड्या वेळानं विझला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्यानंतर रोज. वहिनीच्या मोबाइलवरही काही आलं नाही. आता तर तिनं मोबाइलही बदलला आहे.

मी माझ्या क्षेत्रातल्या दोन-तीन जाणकारांना विचारलं. शंभर किलोमीटरवरून जोडणी कशी होईल, काढून टाकलेलं नाव परत कसं येईल, कोणाकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. तो आवाज कुठून आला, तिलाच का आला आणि कशामुळे थांबला, मला काही सांगता येत नाही. पण हेडफोन परत आणायला मी तीन महिने का लावले, ते मला पक्कं माहीत आहे. वहिनीलाही माहीत आहे. ती अजून मला ताईच म्हणते.